सोळावं घर

१

सकाळी दहाच्या सुमारास आईची कणीक मळून व्हायची आणि योगिनीचा लॅपटॉप उघडायचा. हिमायतनगरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ही दोन्ही कामं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना चालत. इकडं योगिनी कुठल्याशा कंपनीच्या व्हिडिओंखालचा मजकूर टाइप करत बसायची. तिकडं आई परातीतल्या गोळ्यावर चार बोटं दाबून, वर ओलं फडकं टाकून बाहेर यायची आणि नुसती बसून राहायची.

बोटं दाबायची तिची सवय जुनी. लहानपणी योगिनीनं एकदा विचारलं होतं. "नुसता गोल गुळगुळीत ठेवत नसतात," आई म्हणाली होती, "आपलं बोट उठलेलं असावं त्याच्यावर." का, ते कधी सांगितलं नाही, आणि योगिनीनंही पुन्हा विचारलं नाही.

बाबा गेल्याला अकरा महिने झाले होते. एकनाथरावांची नोकरी छापखान्यातली आणि जीव भजनी मंडळातल्या पखवाजात. डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट कागद कापायच्या मशिनीत अर्धं गेलेलं, पण त्या साडेचार बोटांचा हात पडला की समोरच्या माणसाच्या छातीत घुमायचं. ते गेले तेव्हापासून आई, म्हणजे रंजनाबाई, मंडळाची पहिली गाणारी, एक ओळसुद्धा गायली नव्हती. खाणं म्हणजे अर्धी पोळी, तीही ताटात कुस्करून ठेवलेली. मनगटातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत जात. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर रामनवमीनंतर दाखल करावं लागेल.

म्हणून सावित्रीबाईंचा फोन आला तेव्हा योगिनीला तो देवानंच केल्यासारखा वाटला.

"पखवाजवाला मिळंना गं कुठं," मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "नामपल्लीचा होता एक, तो गेला पोराकडं बंगलोरला. तू म्हणे कॉम्प्युटरवर काहीतरी करत असतीस, ढमढम?"

"ढमढम नाही काकू. लूप म्हणतात."

"तेच ते. रामनवमीच्या पाळण्याला ठेका पाहिजे बघ मला. आणि तुझ्या आईला बसव गायला. वर्ष झालं नाही म्हणू नकोस, देवाच्या नावाला कसलं आलंय वर्ष! एवढी शिकलेली पोर तू, आईच्या तोंडात दोन घास घालता येईनात तुला?"

ते शेवटचं वाक्य योगिनीला दिवसभर टोचत राहिलं.

सॉफ्टवेअर फुकटातलं, अगदी साधं. आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत सोळा चौकोनी घरं. घरावर क्लिक केलं की ते पिवळं होतं आणि तिथं ठोका पडतो. सोळा घरं संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्यातले ढोल मात्र प्लॅस्टिकच्या बादलीवर बडवल्यासारखे. आपले आवाज घालायची सोय होती. तेव्हा आई खाली भाजी घ्यायला गेल्याचं बघून योगिनीनं कपाटावरून बाबांचा पखवाज काढला.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते, तिशिवाय तो बोलत नाही. आईनं मळून ठेवलेल्या परातीतून तिनं एक लगदा तोडला, तळव्यांत लाडवासारखा गोल, गुळगुळीत केला आणि कातड्याच्या मधोमध बसवला. मग मोबाइल समोर ठेवून वीसेक थापा मारल्या. वाजवून झालं की ती कणीक खरवडून काढायची, कातडं पुसून कोरडं करायचं. बाबा ते केल्याशिवाय चहासुद्धा घेत नसत.

पण तेवढ्यात शेजारच्या घरातला कुकर किंचाळला आणि योगिनी अशी दचकली, की तिच्या हातातून मोबाइलच पडला. बाबा तिला ससा म्हणत ते उगीच नाही. पाठोपाठ जिन्यात आईच्या चपला वाजल्या. तिनं घाईघाईनं पखवाजावर खोळ चढवली, तो होता तिथं ठेवला आणि कणकेचं विसरून गेली.

२

लूप दुसऱ्या दिवशी दुपारी तयार झाला. भजनी ठेका, आठ मात्रा, सोळा घरं. पंधरा घरांची मांडणी तिनं बाबांच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून केली. सोळावं घर रिकामं ठेवलं. तिथं बाबा श्वास घेत.

तिनं हेडफोन घातले आणि लूप सुरू केला. सुरेख! मान आपोआप डोलली.

तिसऱ्या फेरीला तिच्या लक्षात आलं, की सोळाव्या घरात काहीतरी वाजतंय.

लहानसा, ओला आवाज. च्यप्. दात नसलेल्या माणसानं आंब्याची कोय चोखून तोंडातून काढावी, तसा. तिच्या मानेवर काटा आला. भीती अजून दूर होती, ही नुसती शिसारी होती. कोणीतरी कानाला तोंड लावून चोखल्यावर येते तशी. तिनं हेडफोन काढून कान पुसले.

मग शहाण्या माणसासारखी कामाला लागली. सोळावं घर सगळ्या ओळींत रिकामंच होतं. एखाद्या थापेचं शेपूट लांबत असेल म्हणून तिनं प्रत्येक आवाज कापून आखूड केला. च्यप्. एकेक ओळ बंद करत गेली. शेवटी एकही ओळ चालू नव्हती, पडद्यावरची रेघ मुकाट पंधरा घरं ओलांडून गेली, आणि सोळाव्यावर: च्यप्.

"फुकटातलं सॉफ्टवेअर आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "फुकटातल्याला असंच असतं." ओळी पुन्हा चालू करायला हात पुढं केला तर हेडफोनची वायर ओढली जाऊन निसटली आणि ठेका खोलीभर घुमू लागला.

आई दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ तसंच.

"हे यांचं आहे," ती म्हणाली.

"नाही गं आई, मी वाजवलंय. मी नुसतं..."

"तुला काय कळतंय? हात यांचा आहे."

आणि दाराच्या चौकटीला टेकून, डोळे मिटून, आईनं पाळण्याची पहिली ओळ धरली. आवाज आधी गंजल्यासारखा आला, मग मोकळा झाला. योगिनी रडू लागली. त्या दिवशी आईनं दोन अख्ख्या पोळ्या खाल्ल्या, वर म्हणाली, "आज कणीक छान झाली होती, नाही?"

सोळाव्या घरात जे होतं ते योगिनीनं राहू दिलं. आईच्या दोन पोळ्यांपुढं एवढ्याशा आवाजाचं काय!

३

सातव्या दिवशी वास आला.

आंबूस. आंबलेल्या पिठाचा, आणि त्याखाली घामट चपलेसारखा काहीतरी. तिनं फ्रीज पाहिला, मोरी पाहिली, कचऱ्याचा डबा धुतला. वास कपाटावरून येत होता. तेव्हा कुठं तिला आठवलं. सात दिवस! एप्रिलच्या उकाड्यात कातड्यावर कणीक सात दिवस. वाळून भेगा पडल्या असतील, अळ्या झाल्या असतील, बाबांचा पखवाज वाया गेला असेल. तिनं नाकाला ओढणी बांधली, पखवाज खाली घेतला आणि खोळ सोडली.

अळ्या असत्या तर बरं झालं असतं.

कणीक ताजी होती. ओली, लुसलुशीत, नुकती तेलाचा हात लावून ठेवल्यासारखी चकाकत होती. तिनं पुरीएवढी लावली होती. आता कणकेनं सगळं तोंड व्यापलं होतं, काठावरून थोडी खालीही ओघळली होती. आणि मधोमध चार बोटं उठली होती. तीन पुरी, एक अर्धं.

'आईनं दाबली,' ती स्वतःला म्हणाली. आईची सवयच ती. आईला पखवाज सापडला असेल, तिनं नवी कणीक लावली असेल. तिनं आपली चार बोटं त्या खळग्यांवर धरून पाहिली, न टेकवता. तीन खळगे तिच्या बोटांपेक्षा दुपटीनं रुंद होते. आईचा हात तर तिच्याहूनही लहान.

तिनं चमच्याच्या दांड्यानं खरवडायला सुरुवात केली. कणीक सुटेना. सुटली ती चिकट, लांब तार ओढत, आणि तिच्या बोटांना लागली. कोमट होती. तापलेल्या खोलीमुळं कोमट असेल, हे तिला कळत होतं; पण हा उन्हाचा कोमटपणा नव्हता, गर्दीत अनोळखी माणसाचा घामेजला तळवा आपल्या हाताला लागावा, तसा होता. ती नखांत गेली. तिनं पॉलिथिनच्या पिशवीत तो गोळा कोंबला, चार गाठी मारल्या, तिन्ही मजले उतरून गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीत फेकला. वर येऊन मोरीत ओकली. नंतर तीनदा साबणानं हात धुतले, टाचणीनं नखं कोरली, तरी जेवताना घास तोंडाशी नेला की तोच वास.

"काय गं, खाईनाशी का झालीस?" आई म्हणाली. तिचे गाल भरले होते. ती चौथी पोळी खात होती.

४

दुसऱ्या दिवशी ती ऑटो करून पखवाज सुलतान बाजारला घेऊन गेली. कापडाच्या दुकानांमागच्या बोळात एक म्हातारे चाचा वाद्यं मढवत. बाबा त्यांच्याकडंच जायचे. तिनं ठरवलं होतं, नवं कातडं चढवायला सांगायचं आणि पखवाज रामनवमीपर्यंत तिथंच ठेवायचा.

चाचांनी खोळ सोडली आणि हात मागं घेतला.

"अभी बजाके लाए क्या अम्मा?"

योगिनी वाकली. काल खरवडून, फडक्यानं पुसून कोरडं केलेलं तोंड पुन्हा भरलं होतं. ओलं. चार खळगे.

"नहीं चाचा. अब्बा गुजर गए. साल होने आया, कोई नहीं बजाया."

"झूट नक्को बोलो. गरम है ये." त्यांनी बोटं लुंगीला पुसली. पुन्हा पुसली. "आटा कौन लगाया?"

"मैं. एक बार. आवाज भरने को."

"निकाले नहीं?"

तिनं मोबाइल काढून लूप लावला, जणू त्यातून तिचा खरेपणा सिद्ध होणार होता. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. ठेक्याला त्यांची मान हलली, सोळाव्याला थांबली. पुन्हा हलली, पुन्हा थांबली.

"अब्बाच का हात है ये तो," ते म्हणाले. "पर ये आखरी का क्या है?"

"मालूम नहीं. मैं डाली नहीं वो. हात मारने का आवाज होगा ना, गीले आटे पे?"

"नक्को, नक्को." चाचांनी आपला पंजा कातड्याच्या वर, अधांतरी धरला. "मारे सो आवाज अलग रहता. ये उठाए सो है. चिपका सो हात निकालते ना, वैसा." आणि त्यांनी हात हळूच वर उचलून दाखवला.

योगिनी बघत राहिली. हात ठेवल्याचा तो आवाजच नव्हता. म्हणजे बाकीची पंधरा घरं तो हात तिथंच असतो, चिकटलेला.

"यहाँ रखलेते क्या, चाचा? आठ दिन?"

"माफ करो बेटा." त्यांनी खोळ स्वतः बांधली, फार पटापट. "मेरे पास बच्चे खाना खाते यहाँ."

त्या वाक्याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही. परतीच्या ऑटोत पखवाज मांडीवर होता. तिच्या सलवारवर हळूहळू एक ओला गोल उमटत गेला.

५

घरी आली तेव्हा अकरा वाजले होते. आई ओट्यापाशी उभी, तिचा मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवलेला आणि त्यावर योगिनीनंच पाठवलेला लूप चालू. आई गुणगुणत पोळ्या लाटत होती. किती दिवसांनी पाठ इतकी ताठ दिसत होती तिची! योगिनी पाणी प्यायला वळली आणि तिची नजर गॅलरीत गेली.

गॅलरीत पिठाचा डबा पालथा घातला होता. धुतलेला, कोरडा ठणठणीत. शेजारी झाकण.

"आई, पीठ कधी संपलं?"

"पिठाचं काय गं? झाले की सात-आठ दिवस. दळण आणायचं राहूनच गेलं."

"मग पोळ्या?"

"पुरतंय की." आई हसली. "रोज पुरतंय. फडकं काढलं की असतंय."

योगिनीला आधी फक्त चव आठवली. आठ दिवसांची. सकाळची भाजी-पोळी, संध्याकाळी दुधात कुस्करलेली, परवा तूप-साखर लावून खाल्लेली ती गुंडाळी. किंचित आंबट लागली होती. उकाड्यानं असेल, म्हटलं होतं. तिच्या जिभेच्या मुळापासून पाणी सुटू लागलं. तिनं हातानं तोंड दाबून धरलं.

परात ओट्याच्या कोपऱ्यात होती. वर ओलं फडकं, आणि फडक्याखाली गोळ्याचा फुगवटा. मोबाइलवर ठेका चालला होता: पहिलं घर, पाचवं, नववं. फडकं दबत होतं. प्रत्येक ठोक्याला थोडंसं, आत कोणीतरी मळत असल्यासारखं. पंख्याचा वारा असेल. पण स्वयंपाकघरात पंखा नव्हता. चौदा. पंधरा.

सोळाव्याला फडकं वर उचललं गेलं. उचलणारं त्याच्याखाली होतं. कापडाच्या ओल्या सुतातून तीन उंचवटे दिसले आणि चौथा, बुटका. च्यप्. पुन्हा खाली.

तिनं झडप घालून लूप बंद केला.

आई ओळीच्या मध्यात होती. आवाज तिथंच तुटला. तोंड मात्र उघडंच राहिलं. मग खांदे उतरले, लाटणं हातातून सुटून पोळपाटावरून गडगडलं, आणि योगिनीच्या डोळ्यांदेखत तिचा चेहरा पुन्हा त्या अकरा महिन्यांच्या चेहऱ्यासारखा झाला, राखाडी, बसक्या गालांचा. तेवढ्यात, एका क्षणात. बांगड्या घरंगळत कोपराशी जाऊन थांबल्या.

"आई? आई, बस इथं. पाणी देते."

"लाव ना गं," आई लहान मुलीसारखी म्हणाली. "कशाला बंद केलंस?"

योगिनी उभी होती. फडकं आता निपचित होतं. तिला वाटलं, परात उचलावी, खाली नेऊन फेकावी, लॅपटॉपवरून सगळं पुसून टाकावं. ते काम दोन मिनिटांचं होतं. मग दवाखाना, सलाईन, आणि ताटात कुस्करलेली अर्धी पोळी.

"लाव ना."

तिनं लावला.

६

रामनवमीच्या सकाळी आईनं नऊवारी काढली. तीन वर्षांपूर्वीचा ब्लाउज अंगाला बसला, उलट जरा घट्टच झाला. अकरा वाजता हॉलवर पोचायचं होतं. बरोबर बाराला पाळणा.

आईनं पाट मांडला. ताटात एकच पोळी, टम्म फुगून बसलेली, वर तूप.

"आज उपवास ना, आई?"

"उपवास अन्नाला असतो," आई म्हणाली. "खा. आधी तू खा, मग मी दोन घास घेते. त्याशिवाय गळा लागायचा नाही माझा."

"मला भूक नाही."

"योगे." आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "तुझ्याच हातची आहे ही. तूच लावलीस ना पहिल्यांदा? खा."

पोळीवर तव्याचे डाग पडले होते. तीन लांबट, एक आखूड. योगिनीनं आईच्या गालांकडं पाहिलं, मग ताटाकडं. तिनं घास मोडला. आत पापुद्रा सुटला तेव्हा आतून वाफ आली नाही, उष्ण श्वास आला. ती चावली नाही, चावणं शक्यच नव्हतं. तिनं जीभ मागं ओढून तो घास गिळला, मग दुसरा, डोळ्यांतून पाणी गळत असताना सगळी पोळी. खारट लागत होती, तळव्यासारखी. आईनं समोर बसून शेवटच्या तुकड्यापर्यंत पाहिलं.

हॉलमध्ये सावित्रीबाईंनी स्पीकर लावून ठेवला होता. "आली का ढमढमवाली!" त्या ओरडल्या, आणि रंजनाबाईंना बघून त्यांचा जबडाच खाली आला. "अगं बाई! काय खायला घालायलीस गं पोरी आईला? आम्हाला पण सांग की!"

बायका हसल्या. फुलांनी मढवलेल्या पाळण्यात नारळ ठेवला होता, दोरी सजवली होती. बाराला योगिनीनं लॅपटॉपवर क्लिक केलं.

ठेका सुरू झाला. तिनं दात आवळून मोजलं. तेरा, चौदा, पंधरा.

सोळाव्या घरात शांतता होती.

स्वच्छ, कोरडी, तिनं ठेवली होती तशी. पुन्हा मोजलं. पुन्हा शांतता. फुकटातलं सॉफ्टवेअर, तिनं मनात म्हटलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा श्वास पुरता सुटला. आई गात होती. टाळ धरले गेले. बायकांनी पाळण्याची दोरी हाती घेतली.

चौदा. पंधरा.

तिच्या बरगड्यांखाली, डाव्या अंगाला, आतून काहीतरी सुटलं. चिकटलेला तळवा हळूच वर उचलावा तसं. आणि पहिल्या ठोक्याला पुन्हा टेकलं.

तिनं ओढणी पोटाशी घट्ट धरली. पुढच्या सोळाव्यालाही. त्याच्या पुढच्याही. कोणालाच काही ऐकू येत नव्हतं.

फक्त आईनं गाता गाता मान वळवली, आणि स्पीकरकडं नाही, तिच्या पोटाकडं बघत, बरोबर समेवर दाद दिली.